नव्याच्या दिवशी निशाण

नवा खायच्या दिवशी घरात भांडायचं नाही, असा शालीकरामच्या घरचा नेम होता. म्हणून त्या दिवशी सकाळपासून कोणी कोणाशी बोलतच नव्हतं.

अनुसयाबाई मागच्या अंगणात नवं धान कांडत होती. दसऱ्याच्या आत पिकणारं हलकं धान, त्याचा तांदूळ दुधात शिजवायचा, पहिला वाटा देवाला, दुसरा बैलांना आणि मग सगळ्या घरानं एका पंगतीत बसून तो खायचा. थोरली सून म्हणून हे काम तिचं. एरवी ती मुसळाच्या तालावर काहीबाही गुणगुणायची. यंदा तोंड मिटलेलं होतं आणि डोळे मात्र चौफेर फिरत होते. घरातल्याच कोणीतरी घरावर पोलीस आणले होते, आणि तो कोण हे तिला आज हुडकून काढायचं होतं.

काल, दसऱ्याच्या सकाळी, गाव पुरतं जागं व्हायच्या आत आमगावचा ठाणेदार मुन्नालाल घोड्यावरून आला तो थेट शाळेपुढं. शाळेच्या कौलांवर बांबू बांधलेला आणि बांबूवर तिरंगा. भगवं, पांढरं, हिरवं. मधला चरखा काजळानं काढलेला, तोही असा की बैलगाडीचं चाक वाटावं. मुन्नालालनं शिपायाकडून तो उतरवून घेतला, घडी घालून खोगिराच्या पिशवीत कोंबला आणि हेडमास्तरला बोलावलं. हेडमास्तर म्हणजे शालीकरामचा धाकटा मुलगा भैयाजी. हुकूम त्याला ठाऊक होता, पावसाळ्यातच तो शाळाशाळांतून फिरला होता. शाळा, कौन्सिलची कचेरी, चावडी, कुठंही सरकारी निशाणाखेरीज दुसरं निशाण दिसता कामा नये. दिसलं तर शाळेचं अनुदान बंद आणि हेडमास्तर बडतर्फ, मग निशाण कोणी का लावेना. मुन्नालालनं मात्र उपकार केल्याच्या थाटात एक दिवसाची सवलत दिली होती.

"लगानेवाले का नाम दे दो," तो भैयाजीला म्हणाला होता. "नाम मिला तो स्कूल भी रहेगा, मास्टर भी. कल दोपहर को आता हूँ."

झेंडा कोणी लावला याचं अनुसयाबाईला तितकंसं वाटत नव्हतं. बत्तीस साल होतं, गावोगावी कोणी ना कोणी असले उद्योग करतच होतं. तिला खुपत होतं ते दुसरंच. झेंडा चढला नवमीच्या संध्याकाळी, गाव हत्यारांच्या पूजेत गुंतलेलं असताना. आणि उजाडताच मुन्नालाल दारात? कोणीतरी रातोरात आमगाव गाठल्याशिवाय हे कसं होईल? शाळा गावाबाहेर, शालीकरामच्या वाडीला लागून होती. तिन्हीसांजेला तिकडं घरच्यांखेरीज कुत्रंही फिरकत नसे.

तिचा संशय मधल्या दिरावर होता. दुलीचंद तांदळाचा व्यापारी, महिन्यातले निम्मे दिवस आमगावात. नवमीच्या रात्रीही तो तिथंच होता. पावसाळ्यात धान भिजलं तेव्हा जेवताना तो म्हणाला होता, शाळेची इमारत मला कोठाराला मिळाली तर सोनं होईल. सगळे हसले होते. ती हसली नव्हती. अनुसयाबाई या घरात आली तेव्हा भैयाजीचे दुधाचे दात पडत होते आणि सासू वर्षभरापूर्वीच गेलेली होती. तिला स्वतःला मूल झालं नाही. जे काही आईपण करायचं ते तिनं या धाकट्या दिरावर करून घेतलं होतं. नागपूरला शिकून तो परत आला, बापाच्या मागं लागून शाळा बांधवून घेतली, आणि गावातल्या पोरींना घरोघरी जाऊन बोलावून आणलं. ती शाळा गेली तर हा पोरगा आतून मोडेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

सुशिलाबाई दुधाचं भांडं घेऊन अंगणात आली. दुलीचंदची ही बायको गोंदियाच्या बाजारपेठेत वाढलेली, बोलता बोलता हिंदीवर घसरायची. तिचे डोळे सुजले होते.

"झोप नाई झाली वाटते," अनुसयाबाई मुसळ न थांबवता म्हणाली.

"नींद किसको आती है बाई, ऐसे में?"

"तुह्या घरवाल्याले आली. घोरनं माह्या खोलीपर्यंत ऐकू येऊन राहिलं होतं." मुसळाचे दोन घाव जास्तच जोरात पडले. "नवमीच्या राती दुलीचंदभाऊ आमगावलेच होते ना?"

"होते. माल भरायचा होता."

"मंग ठानेदाराची गाठ पडली असन."

सुशिलाबाईनं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला काय पुसायचं ते सरळ पुसा, बाई."

"सरळच पुसून राहिली. शाळेची जागा कोनाले पायजे होती?"

"वो तो हँसी की बात थी."

"मले तवाबी हासू नाई आलं अन् आताबी येऊन नाई राहिलं."

सुशिलाबाईचा चेहरा उतरला. ती चुलीकडं वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "धाकट्या भाऊजींना काही होणार नाही. मी..." पुढं तिनं काय ते गिळून टाकलं.

अनुसयाबाईनं ते नेमकं टिपलं. अपराधी माणूसच असं अर्धं बोलतं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. एकदा संशय धरला की तिचं असंच व्हायचं, मग समोरचा शिंकला तरी ती शिंक पुराव्यात जमा.

दुधाला उकळी येईपर्यंत दारापुढच्या छपरीतले आवाज चढले होते. ती दाराआड जाऊन उभी राहिली.

"बांबू माहा आहे, मी कुठं नाई मनतो?" दुलीचंद सांगत होता. "माह्या कोठारापुढं पडला होता. पन तो काय मले पुसून गेला?"

"बांबू तुहा, मंग हात कोनाचा?" हा केवलराम, तिचा नवरा. महिन्याकाठी चार वाक्यं बोलणारा हा माणूस आज थांबतच नव्हता. "ठानेदार आला की सांगून टाका बाबूजी, बांबू दुलीचंदचा आहे. बस्स. भैयाजीची शाळा वाचते."

"अन् मी जेलात जातो! दादा, तुमचं माह्यावर काय घेनं आहे जी?"

"माहं काईच नाई. जे दिसलं ते बोलून राहिलो."

अनुसयाबाईला बरं वाटलं. धाकट्यासाठी नवऱ्यानं तोंड तर उघडलं! तिनं पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच त्या दिवशी तिच्या मनाला थोडी उभारी आली.

खांबाला टेकून बसलेला भैयाजी शांतपणे म्हणाला, "बांबूवरून माणूस ठरत नाही, दादा. मी कोणाचंही नाव देणार नाही."

"तूच लावला असशील मनून," दुलीचंद फणकारला. "खादी तूच घालतोस ना घरात?"

"मी लावला असता तर शाळेवर लावला नसता. हुकूम मला पाठ आहे."

शालीकराम इतका वेळ तंबाखू मळत बसला होता. गावाची मुकद्दमी, म्हणजे पाटीलकी, त्याच्याकडं होती, सरकारदरबारी खुर्ची मिळायची, आणि ती खुर्ची आपल्यामागं कोणाला द्यायची याचा विचार तो दोन वर्षं करत होता. थोरल्याला मूल नाही. मधल्याला दोन मुलगे, शिवाय तोंडाचा चलाख. गाव काय ते समजून होतं. त्यानं हात झटकले.

"पुरे झालं. पंगत मांडा," तो म्हणाला. "आज नव्याच्या पानावर पुसतो. मंग पाहू कोनाच्या तोंडून काय निघते ते."

नव्याच्या पंगतीचा या घरचा रिवाज वेगळा होता. या एका दिवशी बायका-पुरुष एका ओळीत बसत. कर्ता माणूस, लहान पोरं सोडून, धाकट्यापासून एकेकाला विचारी, "मनात काही आहे?" ज्याच्या मनात घरातल्या कोणाविषयी अढी असेल, किंवा काही लपवलेलं असेल, त्यानं ते तिथं बोलून टाकायचं. मग थोरल्या सुनेनं त्याच्या पळसाच्या पानावर नवा वाढायचा. मनात ठेवून खाल्लेला नवा वर्षभर अंगी लागत नाही, अशी समजूत. एरवी हा सगळा गमतीचा मामला असायचा. कोणी दही चोरून खाल्ल्याचं कबूल करायचं, कोणी बैल गरजेनं नव्हे तर हौसेनं घेतल्याचं, आणि हसतखेळत पानं भरायची. आज पानं मांडली तेव्हा कोणाचा हात पानाला लागला नाही.

"भैयाजी, मनात काही आहे?"

"आहे, बाबूजी. झेंडा कोणी लावला त्याचा मला राग नाही. ठाणेदाराला सांगायला जो गेला तो या पंगतीत बसला आहे, याचं वाईट वाटतं. त्यानं मला सांगितलं असतं, तर मी रात्रीच उतरवून ठेवला असता. कोणालाच काही झालं नसतं."

अनुसयाबाईनं त्याच्या पानावर वाढलं. तिची नजर मात्र दुलीचंदवर होती.

"दुलीचंद?"

"आहे जी मनात. या घरात सगळ्यायले वाटून राहिलं का मीच चोर आहो. वहिनी सकायपासून माह्याकडं अशी पाहून राहिली, जसा मी हिचा गळा कापला. मी ठानेदाराले भेटलो नाई, देवाची आन. अन् झेंडाबी लावला नाई." अनुसयाबाईला पहिल्यांदाच आपल्या संशयाविषयी थोडी शंका आली. खोटं बोलताना दुलीचंद नेहमी जास्त गोड बोलायचा, आणि आज तर त्याच्या बोलण्यात गोडवा औषधालाही नव्हता. तिनं वाढलं.

"सुशिला, मनात काही आहे?"

सुशिलाबाई भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती नुसती मान हलवी आणि दुलीचंद तिच्या वतीनं बोले. आज तिनं पदर मागं सारला.

"है, मामाजी. झेंडा मैंने लगाया."

दुलीचंद तिच्याकडं बघतच राहिला. "तू? अगे, तुले कौलावर चढता तरी येते का?"

"शिडी होती. गोंदियात माझा भाऊ झेंड्यापायी आत गेला, सहा महिने. राखी बांधायला मी कोणाकडं जाऊ? नवमीला सगळे पूजेत होते, मी चढले. मला काय माहीत, लावणाऱ्याला सोडून मास्तरला धरतात? ऐसा कौन-सा कानून होता है?" ती रडत होती, पण मान वर होती. "ठाणेदार येईल तेव्हा मी सांगते. माझं नाव लिहा."

अनुसयाबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. सकाळी जी बाई आपल्याला अपराधी दिसली ती अपराधी होतीच, पण आपण ठरवलेल्या अपराधाची नव्हे. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं सुशिलाबाईच्या पानावर दुसऱ्यांपेक्षा मोठा वाटा वाढला. दुसरं काय करणार?

"वहिनीचं नाव लिहून मी शाळा चालवू?" भैयाजी पानावरून उठू लागला. "ते होणार नाही. मी सांगणार, मीच लावला. शाळा जायचीच आहे तर जाऊ दे, घरच्या बाईला ठाण्यात बसवून मला पोरांना काय शिकवता येणार आहे?"

"बस खाली!" केवलराम एवढ्या मोठ्यानं ओरडला की गोठ्यातली वासरं दचकली. "तू कायले जाशील? तुह्या नावाले हात लागनार नाई मनून मुन्नालालनं मले शब्द देल्ता..."

तो मध्येच थांबला. थांबून काही उपयोग नव्हता, शब्द सगळ्यांच्या कानांत शिरले होते.

शालीकरामनं सावकाश विचारलं, "कवा देल्ता शब्द?"

केवलराम पानाची कड चिमटीत मोडू लागला.

"तुले पुसून राहिलो, केवल्या. कवा?"

"नवमीच्या राती," तो म्हणाला. "वावरात राखनीले चाललो होतो. शाळेवर पाह्यलं तं झेंडा. बांबू वळखला. मले वाटलं, दुलीचंदनंच लावला. तुमी मुकद्दमी त्याले देऊन राहिले, गाव हासून राहिलं, लेकरू नाई मनून माही किंमत नाई... वाटलं, एकदा ठान्यात नाव गेलं का सरकार त्याले मुकद्दमी देनार नाई. रातोरात आमगावले जाऊन त्याचं नाव सांगतलं, तं ठानेदार मने, ते घरच्यायनं कबूल कराले पायजे. भैयाजीले धक्का लावाचं माह्या मनातबी नव्हतं, बाबूजी. शाळेचा कायदा मले काय ठाव?"

अनुसयाबाई ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हे दुसऱ्याच कोणाचं घर असावं. सकाळपासून ती चोर शोधत होती, दिराच्या घोरण्यात, जावेच्या डोळ्यांत. तो तिच्याच अंथरुणाशेजारी झोपत होता. मघाशी दाराआड उभं राहून ज्या बोलण्याचं तिला कौतुक वाटलं, ते भैयाजीला वाचवायला नव्हतंच, दुलीचंदला बुडवायला होतं. तिला संताप आला, इतका की डाव फेकून द्यावा. आणि संतापाखाली दया होती, तिचा तर तिला जास्तच संताप आला. पोर नाही म्हणून गाव हसतं, हे नवऱ्यालाही लागत असेल, हे तिनं कधी मनावर घेतलंच नव्हतं.

केवलरामनं पान पुढं सरकवलं. तिनं वाढलं नाही.

बाहेर घोडा खिंकाळला.

"राम राम, मुकद्दमजी." मुन्नालाल जोडे न काढता छपरीच्या पायरीवर उभा राहिला. मागं शिपाई होता. "खाना चल रहा है? माफ करना, सरकारी काम है. नाम मिला?"

सुशिलाबाईनं उठायला जमिनीवर हात टेकला, तोच दुलीचंदनं तिचं मनगट घट्ट धरलं. पलीकडं भैयाजी उभा राहिलाच होता.

"भैयाजी, बस," अनुसयाबाई म्हणाली. तो लहानपणी जसा बसायचा तसा बसला.

ती पदर कपाळावर ओढून पुढं आली. ठाणेदाराशी ती जन्मात बोलली नव्हती. आणि दुसरीही एक गोष्ट तिनं जन्मात केली नव्हती. त्या काळात कोणतीच बाई करत नसे. लग्नात नणंदांनी दार अडवलं तेव्हासुद्धा ती नुसती ओठांतल्या ओठांत पुटपुटली होती, आणि नाव घेतलं की नाही यावर बायकांचा वाद झाला होता. त्यानंतर इतकी वर्षं 'अहो', 'घरचे', 'हे', एवढ्यावरच भागलं होतं.

"लिवा जी," ती म्हणाली. "केवलराम शालीकराम. झेंडा त्यायनं लावला."

मुन्नालालची भुवई वर गेली. त्यानं केवलरामकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या धंद्यात सरळ गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नाही, वाकड्यावर मात्र चटकन बसतो. "अच्छा," तो हसला. "तो खुद ही लगाया, और खुद ही..." पुढचं त्यानं घरच्यांसमोर टाळलं. "क्यों केवलराम? बाई सच बोल रही है?"

सगळी पंगत केवलरामकडं बघत होती. त्यानं बायकोकडं पाहिलं. तिची नजर हलली नाही. त्यानं आधी भैयाजीकडं आणि मग, जड मानेनं, दुलीचंदकडं पाहिलं.

"हो जी," तो म्हणाला. "मीच लावला."

हे त्यानं लाजेनं म्हटलं, भीतीनं म्हटलं की धाकट्यासाठी, ते अनुसयाबाईला त्या दिवशी कळलं नाही. पुढंही तिनं ते कधी विचारलं नाही.

"मास्टर और स्कूल, दोनों बच गए," मुन्नालालनं जाहीर केलं. "मगर मुकद्दमजी, बेटे ने सरकार के खिलाफ झंडा लगाया है. मुकद्दमी अब इस घर में नहीं रहेगी."

"नका राहू देऊ," शालीकराम म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "मुकद्दमीनं या घराचं बरं केलं नाई."

शिपाई पुढं झाला तशी अनुसयाबाई आडवी आली. "थांबा जी. पान उष्टं होऊ द्या." तिनं डाव घेतला आणि नवऱ्याच्या पानावर नवा वाढला. तो खाली मान घालून खात होता. खाऊन झाल्यावर दुलीचंद उठला आणि आपला अंगावरचा पंचा त्यानं थोरल्या भावाच्या खांद्यावर टाकला. पुढच्या रात्री थंडीच्या होत्या. केवलरामनं तो काढला नाही.

पायरीशी जोडे घालताना तो क्षणभर थांबला. अनुसयाबाई पाण्याचा लोटा घेऊन मागं उभी होती.

"लग्नात नाई घेतलं तू माहं नाव," तो हळूच म्हणाला. "आज घेतलं."

"तुमी भावाचं घेतलं ना ठानेदारापुढं? मनून मी तुमचं घेतलं." तिनं लोटा त्याच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायची तिची तयारी नव्हती. "सुटून या. मंग पुन्हा कवा घेनार नाई."